तुरळक ठिकाणी

सकाळी साडेआठला मी नरसाळं काढतो,
बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओततो
आणि डोळा पाण्याच्या बरोबरीला आणून
आकडा वाचतो.
चार पूर्णांक दोन.
कधी नुसतं शून्य, तळाशी बुडालेला एक भुंगेरा.
गाव मला मापाडी म्हणतं.
मोंढ्यातला मापाडी ज्वारी मोजतो,
मी पडून गेलेलं मोजतो.

पडणार आहे त्याचं माप मोबाइलवर येतं, दुपारी एकला:
मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार.
शक्यता साठ टक्के.
बाजारात कुलपं दुरुस्त करणारा खाजामियाँ विचारतो,
साठ टक्के म्हणजे किती भिजायचं?
मी म्हणतो, असे दहा दिवस धरा,
त्यातले सहा पावसाचे.
तो कानस थांबवतो.
"मग आजचा कितवा?"

तुरळक ठिकाण कुठल्याच नकाशात नाही.
एकदा बीडहून येताना एसटीच्या पुढच्या काचेवर
वायपर फिरत होते
आणि मागच्या सीटवर बाई
उन्हासाठी पदर ओढून बसली होती.

आमचा बाजार भरतो नदीच्या पात्रात, गुरुवारी.
सपाट जागा, भाडं नाही,
नदी वर्षातले दहा महिने वाळूच असते.

वर बालाघाटात, अकरा किलोमीटरवर,
झमकूबाई राठोडचं दार तलावाच्या सांडव्याकडे उघडतं.
मागच्या साली तिनं सांडव्यातून
तेलाचा पिवळा डबा सोडला.
मी पुलाखाली घड्याळ धरून उभा.
एक्काहत्तर मिनिटं.
मध्ये खडकात अडकला असेल, तर तेही त्यातच.
मी ते भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं,
आणि खाली:
पूर डब्यापेक्षा घाईत असतो.

दोनदा मी बाजार उठवला.
पहिल्यांदा पाणी घोट्याएवढं आलं.
दुसऱ्यांदा आलंच नाही.
टोमॅटोवाली कौसाबाई अजून
त्या दिवसाची पट्टी माझ्याकडे मागते.

तो गुरुवार हस्ताचा. पंचांगात वाहन म्हैस.
मोबाइलवर तेच तुरळक, तेच साठ.
आमच्याकडे चटका लागेल असं ऊन, वर एक घार.
झमकूबाईचा फोन आला:
"सकाळी सुतळीएवढं होतं रं,
आता लुगडं वाळत घालावं तेवढं रुंद झालंय.
आन् रंग बदललाय. चहावाणी."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो.
किती वेळ, ते कुठल्याच घड्याळानं मोजलं नाही.
तिसऱ्यांदा खोटं ठरलो तर
चौथ्यांदा कोण ऐकणार?
मग ओरडलो.
"कामून वरडतोस, ऊन पडलंय की!"

खाजामियाँनं काही विचारलं नाही.
त्यानं पेटी मिटली, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला
आणि काठ चढायला लागला.
त्याला बघून बांगड्यावाला उठला,
त्याला बघून मिरचीवाल्या.
कौसाबाई शेवटपर्यंत शिव्या देत होती,
पण क्रेट उचलता उचलता.

अठ्ठेचाळीस मिनिटं.
पुढे पाणी नव्हतंच.
पुढे काड्यांची, पळसाच्या पानांची एक रांग
वाळूवरून सरकत आली,
मागं ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं,
मग आवाज.
एक तराजू गेला, तीन पालं गेली,
राहिलेली दोन क्रेट उलटली
आणि टोमॅटो लांबपर्यंत दिसत राहिले.
माणूस एकही नाही.
डोक्यावर अजून ती घार.

दुसऱ्या दिवशी साडेआठला नरसाळं काढलं.
शून्य पूर्णांक शून्य.
वहीत शेऱ्याचा रकाना दीड बोटाचा.
मी लिहिलं:
पाऊस नाही. नदी आली.

मंडळ अधिकारी म्हणाले, हे खोडा,
अतिवृष्टी पासष्ट मिलिमीटरला सुरू होते.
मी खोडलं.
एकाच रेघेनं,
वाचता येईल असं.