सत्तेचाळीस सेकंद

सूरमध्ये आठवडा रविवारी उघडतो.
त्या रविवारी शाळेत वीस खोकी उतरली.
मस्कतहून आलेल्या पोरसवदा इंजिनिअरने
सातवी ‘ब’च्या छताला एक भिंग बसवलं,
फळ्याच्या जागी काच,
आणि दोन मुलांत मिळून एक टोपडं –
डोळ्यांवर ओढलं की समोर हिमनदी.

मी भूगोल शिकवते. अठरा वर्षं.
मूळची कराडची; समुद्र मला पुस्तकातून कळला,
नकाशात निळा रंग भरावा तसा, कडेकडेने.
पोरं हवेत हात फिरवून बर्फ चाचपत होती,
बाहेर चव्वेचाळीस अंश,
आणि खरं सांगते,
शाळा सुटल्यावर दार लावून
मीही ते टोपडं घातलं, कृष्णा-कोयनेचा संगम शोधला.
सापडला.
पाण्याला आवाज नव्हता.
तरी बराच वेळ उभी होते.

उमैमा सोलकर. तिसरा बाक, खिडकीकडची.
बाप टगबोटीवर, आई दाभोळची.
दोन वर्षांत माझ्याशी बोललेली वाक्यं
एका हाताच्या बोटांवर, तीही अर्धी.
शब्द तिच्या ओठाशी येऊन अडतो,
उंबऱ्यावर चपला काढत बसलेल्या पाहुण्यासारखा,
आणि मी – पोर्शन, चाळीस मिनिटं, पुढचा तास –
हाताला धरून त्याला आत ओढते:
‘हाय टाइड ना? बरोबर. बस.’

आता रोज रात्री फोनवर अहवाल येतो:
कोण यंत्राशी किती बोललं, कोणत्या भाषेत.
जेवताना वाचते मी, डाव्या हाताने सरकवत.
उमैमा सोलकर : मराठी : एकवीस मिनिटं.
मला वाटलं, नाव चुकलंय.

तिने विचारलं होतं, होड्या चिखलात कलंडतात
तेव्हा त्यांचा कणा दुखतो का.
विचारलं होतं, चंद्र एवढं पाणी ओढतो
तर वाटीतली आमटी का नाही.
मधे मधे ठिपके. ओळीच्या ओळी नुसते ठिपके.
यंत्र थांबलेलं.
त्याला कुठे पोर्शन संपवायचा होता.
एका शब्दाखाली लाल रेघ :
‘दुपारी सक्ती लागते’ – अर्थबोध होत नाही.
आणि अगदी शेवटी,
‘तू माझं वाक्य पुरं करत नाहीस. बाई करतात.’

बाई करतात.
इथे ठिपके नव्हते.

सोमवार, चौथा तास. टोपडी कपाटात चार्जिंगला.
खिडकीतून खोर दिसत होतं,
चिखलात कुशीवर पडलेल्या तीन लाकडी होड्या,
पलीकडे आयजाचा पांढरा दीपस्तंभ.
मी विचारलं, पाणी कुठे गेलं?

तिचा हात अर्धाच वर आला.

मी काचेला पाठ लावली, जीभ दातांखाली धरली.
वर्ग चुळबुळला.
फेबिनने पेन्सिल पाडली, उचलली, परत पाडली.
तिच्या गळ्यात काही चढत होतं, घसरत होतं,
आणि माझ्या तोंडात उत्तर तयार होतं,
सोललेल्या संत्र्यासारखं.
गिळलं.

‘सु… सु… सुकती,’ ती म्हणाली,
‘सुकती लागली, बाई.’

इंग्रजी शाळा, आणि शब्द दाभोळच्या धक्क्यावरचा.
मी ‘ओहोटी’ म्हणणार होते.
तिच्या तोंडून माझाच शब्द काढला असता मी,
आणि शाबासकीही दिली असती.

काचेवर लिहिला : सुकती.
काचेने विचारलं, तुम्हाला ‘सक्ती’ म्हणायचे आहे का?
मी ‘नाही’वर बोट ठेवलं.
दोनदा ठेवावं लागलं.

रात्री अहवाल आला.
सातवी ब, चौथा तास.
निष्क्रिय वेळ : सत्तेचाळीस सेकंद.
शिक्षिकेच्या कामगिरीत सुधारणेस वाव आहे.

आहेच.