तेल सोडायचं भोक

उद्यमबागेतल्या फौंड्रीत
बाबांनी एकतीस वर्षं पोकळ्या केल्या.
पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, कधी घागरीएवढं हौसिंग.
बाहेरचा आकार दुसरं कुणी करी,
आतली रिकामी जागा यांची:
वाळूत काकवी मळायची, भाजायची,
आणि तान्ह्या पोराला धरावं तशी दोन्ही हातांनी
साच्यात ठेवायची.
लोखंड ओतलं, निवलं,
की वाळू झडून जाई.
बाबांचं काम म्हणजे
जिथं काही नाही ते.

लहानपणी एकदा मी म्हटलं होतं, दाखवा की.
'काय दाखवू?' म्हणाले.
आत बघायचं तर नग कापावा लागे,
शंभरातला एखादा, आडवा.
कापलेला नग परत भट्टीत.

यंदा गोंधळी गल्लीच्या बोर्डवाल्याकडनं
अ‍ॅक्रिलिकचे उरलेले तुकडे आणलेत, किलोवर.
कानस, हॅक्सॉ, सायकलच्या तारा,
जोडायला क्लोरोफॉर्मची बाटली.
आई सगळ्या खिडक्या उघडते:
'सगळ्यास्नी झोपवूलायसा काय?'
पोळपाट सरकवून तिथंच बसतात,
चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर.

चार दिवसांनी पेटी तयार झाली.
चारी बाजूंनी काच जणू, आत दोन चाकं,
बारा दातांचं लहान, छत्तीसचं मोठं,
आणि बाहेर शिलाई मशीनचा जुना दांडा.
स्क्रू काढले की सगळं सुटं,
लावलं की परत पेटी.
प्रांजलला म्हणाले, फिरव.
तिनं फिरवलं.
लहान चाक धावतंय, मोठं रेंगाळतंय,
तीन फेऱ्यांना एक,
आणि त्या एका फेरीत एकदाच
टक्.

बाबांनी पेटी उजेडाला धरली.
पस्तिसावा दात आणि पहिला,
मधे जागा जरा जास्तच.
मोजताना चुकलं असावं, की कानस घसरली.
लोखंडाच्या झाकणाखाली खपून गेलं असतं.
इथं तर भिंतच नाही लपायला.
कान लाल झाले त्यांचे.
मी बाबांना चुकताना
पहिल्यांदा बघत होते, बेचाळिसाव्या वर्षी.
'खोलतो. दुसरं करतो.'
'नको,' प्रांजल म्हणाली,
'माझा पण नाही,' आणि
पुढच्या फटीतून जीभ काढून दाखवली.

मग शेजारचा विरेश आला,
दारातूनच: 'ओळग एन ऐती?'
त्याला आधी दिसलं ते भोक.
बोर्डवाल्यानं मशीनवर कुठलं तरी अक्षर कापून नेलेलं,
त्याची जागा तेवढी राहिलेली तुकड्यावर,
गोल, वर जराशी तुटलेली.
हा 'र', विरेश म्हणाला, आमच्या शाळेतला.
हा ठ आहे, प्रांजल म्हणाली, मान मोडलेला.
मला आपलं वाटलं,
कुणाच्या तरी फोन नंबरातलं शून्य.
दोघं भांडायच्या बेतात,
तर बाबा म्हणाले,
'तेल सोडायचं भोक आहे ते,'
आणि बुधली आणून
खरंच एक थेंब सोडला.

थेंब दिसत गेला.
पहिल्या दाताच्या कडेवर थांबला,
फुगला, दुसऱ्यावर पसरला,
मग चाकानं त्याला उचलून वर नेलं.
चार डोकी पेटीवर,
श्वासानं भिंत धुरकटली
की प्रांजल फ्रॉकनं पुसायची.
विरेशनं काहीतरी विचारलं, भरभर.
आणि बाबांनी उत्तर दिलं.
तितकंच भरभर, कन्नडात,
हातवारे करत, मधेच एक शिवी असावी तसा शब्द,
कारण विरेश पोट धरून हसायला लागला.

एकतीस वर्षं
सकाळी साडेसातला डबा घेऊन गेलेला माणूस
तिथं कुठल्या भाषेत हसत असेल,
मला कधी सुचलंच नव्हतं.
मला अर्धंच कळलं,
विचारलं तर म्हणाले,
'काही नाही गं, चाकाचं बोलूलोय.'

प्रांजल फिरवत होती.
मी टक् यायची वाट बघत होते.