कड

उद्यमबागेत, फौंड्रीच्या वरच्या मजल्यावर
मी डोळा आखते आहे.
नखाएवढी सिलिकॉनची कपची,
तिच्यावर सोळा हजार कोष,
आणि सगळ्यांना एकच शिकवण:
बदल झाला तरच बोल.

हे बेडकाकडून घेतलं.
येळ्ळूरला, भरमाण्णाच्या भाताच्या चिखलात,
तो बॅटरी धरून, मी वही.
मेलेली माशी नाकासमोर ठेवली. बेडकाला नाही दिसली.
दोऱ्याला बांधून हलवली,
तर जीभ आधी, मग बेडूक.
"उपाशी मरंल की हे, ताटावर बसून,"
भरमाण्णा म्हणाला, आणि हसला नाही.

डोळ्याची दुसरी खोड आणखी जुनी:
शेजाऱ्याचं थोडं वजा करायचं
आणि मगच आपलं सांगायचं.
म्हणून सपाट भिंत जवळजवळ गप्प असते,
आणि उजेड संपून सावली लागते तिथे
रेघ उमटते,
आहे त्याहून काळी, आहे त्याहून पांढरी.
मीटर लावून पाहिलं. मीटरमध्ये ती नाही.

महांतेशला हे कन्नडमध्ये समजावत होते,
मराठीत कधी घसरले ते त्यालाही कळलं नाही.
आकृतीखाली त्यानं लिहिलं: अंचु.
मी लिहिलं: कड.
दोन आठवडे झाले, फळा कुणी पुसला नाही.
खालच्या रस्त्यावरच्या पाट्यांचं नशीब असं नसतं.

चिप आली त्या दिवशी ओतकाम होतं.
साध्या कॅमेऱ्याला लोखंड दिसलं आणि तो आंधळा झाला,
नुसता पांढराफेक.
आमच्या डोळ्यानं ठिणगी न् ठिणगी वेगळी सांगितली,
लॅडलची थरथर,
भरमाण्णाच्या जळक्या हातमोज्याचा काठ.

पाळी संपल्यावर तो वर आला, घाम पुसत.
पुसणारा हात पडद्यावर लख्ख.
मग स्वतःला नीट बघावं म्हणून
फोटोला राहतात तसा ताठ राहिला,
श्वाससुद्धा धरून,
आणि विरत विरत गेला.
आधी खांदे. मग टोपी.
पडद्यावर फक्त मागचा पंखा फिरत राहिला.

महांतेश माझ्याकडे बघतो, मी आकृतीकडे.
माणसाचा डोळा टक लावतानाही किंचित कापत असतो,
हे मला पाठ होतं.
चिपला ते कापणं द्यायचं राहून गेलं.

खाली मोल्डिंगचं यंत्र धडकलं, टेबल हाललं,
कडा चमकून उठल्या: कान, मिशी, टोपीची शिवण,
आणि दोन डोळे, पडद्यात स्वतःला शोधणारे.

"गेलतो कुठं?" तो म्हणाला.
"मी हितंच उभारलोय की."