देवळाली, बंगला नंबर अकरा

रकाना पहिला : बांधकामाचं वय.
मी लिहिते, एकशे चौदा.
निवृत्ती भवर चुन्याचं बोट जोत्यावर टेकवतो,
‘बांधकामाचं ना? दगडाचं नाय?’

दगड काळा, अंगभर बारीक भोकं.
उकळत्या रसातून हवा निसटली, ती जागा.
तेव्हा गोदावरी नव्हती,
सुट्टी हा शब्द तर नव्हताच.

मग मुंबईहून कोरड्या हवेसाठी माणसं आली.
खुर्शेदबाई, त्यांचा खोकला, त्यांचा ग्रामोफोन.
व्हरांड्याच्या खांबावर पेन्सिलीनं पोरांच्या उंच्या :
केरसी छत्तीस साल, केरसी सदतीस,
पुढे केरसी नाही.
(इथे रंग देऊ नये, असं ठळक लिहिते.)

कौलं बदलावी लागतील, दीडशेक.
चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा.
‘सिमिट लावलं तर भिंत घुसमटंल,’ तो म्हणतो.
रेंजवर तोफ उडते. उरलेल्या काचा किणकिणतात.

‘तुम्ही कधी घेतली सुट्टी?’
‘सुट्टी हितंच ऱ्हायची, ताई.
मी तिला रातचं कुलूप घालायचो.’

शेवटचा फोटो : लांब हातांची आरामखुर्ची.
मापासाठी कुणीतरी बसलेलं हवं.
तो बसतो, अगदी कडेवर,
चाळीस वर्षं रोज पुसलेल्या वेतावर
पाहुण्यासारखा.
‘टेका ना,’ मी म्हणते.

जोतं आता दिवसाचं ऊन परत देतंय.
‘जतन करण्याजोगे’ हा रकाना अजून कोराच.
तो हळूहळू मागं होतो.
वेत करकरतो.
मी कॅमेरा खाली ठेवते.