लिलाव

तोत्तोरीच्या बंदरावर पहाटे चारला
ह्यांची जीभ चालायची
कोयत्यासारखी. नाही, कोयता जड.
शिवणयंत्राच्या सुईसारखी.
पुढ्यात खेकड्यांच्या पेट्या, टोपीवर नंबर लावलेले व्यापारी,
आणि हे मधोमध, एका श्वासात
आकडा, आकडा, आकडा,
घेणाऱ्याचं नाव, दिला!
घरी आले की गप्प.
मीठ हवं तर बोट दाखवायचे.
सत्तेचाळीस वर्षांत मला हाक म्हणजे "अगं", तीही अर्धी.
मला वाटायचं, बंदरावरच सगळे शब्द
विकून येतात.

आता दर मंगळवारी मिनोरी येते,
पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, हातात कागद आणि पेन.
"दहा सेकंद नुसतं प म्हणा, आजोबा."
प, प, प.
दर प-ला ती एक ठिपका देते,
मग तांदळातले खडे शोधावेत तशी ठिपके मोजते.
सेकंदाला सहा हवेत. ह्यांचे तीन.
त-चे तीन. क-चे त्याहून कमी.
प ओठांचा, त दातांमागचा, क घशाच्या दारातला.
ओठ मिटले नाहीत तर सांडतं,
जीभ टाळ्याला टेकली नाही तर घास रेंगाळतो,
दार वेळेवर लागलं नाही
तर चहा चुकीच्या वाटेनं फुप्फुसात उतरतो.
म्हणजे जन्मात कधी होडीत न बसलेला माणूस
घरच्या चहात बुडू शकतो.

चहात पूड घालायची, दीड चमचा,
ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं.
पहिल्या दिवशी ह्यांनी पेला उलटाच केला.
चहा लगेच सांडला नाही,
विचार करत करत पडला.

वसंतात एकोणसाठ किलो होते, भातकापणीला एक्कावन्न.
कवळी सैल झाली. हिरड्याही वाळतात,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पलीकडच्या शिगेझोंना नववर्षाच्या मोचीनं नेलं,
दुसऱ्याच घासाला, तेव्हापासून
आमच्याकडे चिकट काही शिजत नाही.
तरी धुवायच्या स्वेटरच्या बाहीत
मला सापडली सुक्या माकुळाची पट्टी,
चोखून चोखून पांढरी पडलेली.
चावलेली नव्हती. दिवसभर गालात धरून ठेवायचे,
संध्याकाळी परत बाहीत.
मी पट्टी धुतली, पुसली
आणि होती तिथे ठेवली.
मिनोरीला हे माहीत नाही.

नोव्हेंबरात खेकड्याच्या होड्या लागल्या.
मी एक आणला, उकडला, सोलला,
तीनदा वाटला, चाळणीतून काढला,
आणि ताटलीत वाढला. भिंतीचा गिलावा दिसावा तसा दिसला.
ह्यांनी तोंड फिरवलं.
मग मला काय सुचलं कोण जाणे,
चमचा उंच धरून म्हणाले, "आठशे."
मान वळली.
"नऊशे," मीच म्हणाले, माझ्यावरच चढ.
"हजार."
ओठ हलले.
बाराशे ह्यांनी स्वतः म्हटलं, लाळ पुसत,
मी पंधराशेवर नेलं, ते अठराशेवर,
प्रत्येक आकड्याला पूर्वी पेटी संपली असती एवढा वेळ लागला.
मग त्यांनी नेहमीसारखं चौफेर पाहिलं,
आणखी कोणी आहे का,
आणि घेणाऱ्याचं नाव तर घ्यावंच लागतं, रीतच ती:
"हात्सुए.
अठराशे."

चमचा आत गेला.
बोली लावणाऱ्यांच्या बोटांवर त्यांची नजर असायची
तशी माझी त्यांच्या गळ्यावर.
कंठमणी वर गेला.
थांबला. मीही.
खाली आला.

मंगळवारी ठिपके तेवढेच. तीन.
"कमी तर नाही झाले," मिनोरी म्हणाली.
मी तिला चहा दिला, घाईत तोही घट्टच.
तिनं पेला तिरका केला, वाट पाहिली,
आणि काही न बोलता
प्यायली.