पोळलेली जीभ

ओशच्या बाजारात मी बावीस वर्षं नान विकते.
पीठ तेच, तंदूर दुसरा.
पहिला त्या जूनमध्ये फुटला;
कसा, ते गिऱ्हाइकाला सांगत नाही.
भाव तेवढा सांगते.

एर्मेक रोज सकाळी यायचा, गॅसच्या गाडीवरचा.
काळे तीळ लावलेले दोन नान, वर्षानुवर्षं.
माझ्या थोरल्याच्या हातावर साखरेचा खडा ठेवायचा,
मला ताई म्हणायचा, आमच्या उझबेकमध्ये,
उच्चार जरासा चुकवून.
त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी घोळका होता
त्यात तो होता.
हातात काही नव्हतं त्याच्या, शपथेवर सांगेन.
काठी नव्हती, बाटली नव्हती.
नुसता उभा होता,
आणि मला पाहून त्यानं
टोपी डोळ्यांवर ओढली.

बुरुलआपाशी माझं कधी पटलं नाही.
पाटाच्या पाण्यावरून सात उन्हाळे भांडण.
माझ्या तुतीची पानं तिच्या अंगणात पडली
की झाडून परत माझ्या दारात टाकायची,
मोजून टाकते असं वाटायचं.
शाळेत किर्गिझ शिकवायची.
सलामाला उत्तर द्यायची
उसनं फेडल्यासारखं.

त्या दिवशी ती खडू घेऊन आली.
माझ्या फाटकावर लिहिलं : किर्गिझ.
एकच शब्द, वीतभर अक्षरं.
एक वाकडं आलं तर बाहीनं पुसून
पुन्हा काढलं.
मग फाटकासमोर स्टूल टाकून
वाटाणे सोलत बसली,
पार दिवेलागणीपर्यंत.
आत पिठाच्या पिंपामागे
एका खोट्या शब्दाच्या आडोशाला
आम्ही तीन माणसं जगलो.

आता सांगा, हिशेब कसा मांडू?
झोप येत नाही तेव्हा मांडून पाहते.
वजाबाकी होत नाही.
दोघं आपापल्या जागी राहतात,
एक टोपी ओढून, एक वाटाणे सोलत.
चौथ्या वर्षी एर्मेक परत येऊ लागला.
घासाघीस करत नाही. मी सुटे दोनदा मोजते.
त्याला ताई म्हणवत नाही,
मला काही विचारवत नाही.
नान मात्र गरमच देते.

नोदिरा नंतरची. तेव्हा पोटातही नव्हती.
तिची शाळा आपली, मैत्रिणी आपल्या.
व्हॅनमध्ये चढण्याआधी ड्रायव्हरचं नाव विचारते;
नाव त्यांच्यातलं असलं
की पुढच्या व्हॅनची वाट बघते,
बर्फ पडत असला तरी.
माझ्या भीतीला चेहरा आहे, टोपी आहे.
तिच्या भीतीला चेहराच नाही
म्हणून ती कुणाच्याही अंगाला बसते.
दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, कबूल.
पण तोंड माझं पोळलं होतं, पोरी.
तू कशाला फुंकतेस?

असं विचारलं नाही तिला.
कुठल्या तोंडानं विचारू?
एर्मेकची गोष्ट मीच शंभरदा सांगितली,
वाटाण्यांची एकदाही नाही.
झालेला घाव सांगताना जीभ सैल सुटते,
उपकार सांगताना जड होते.
शिवाय ती तुतीची पानं...

काल दोन नान देऊन तिला पलीकडे धाडलं.
दहा पावलांचं अंतर, दीड तासानं आली.
म्हणाली, म्हातारीला दिसत नाही धड
पण नान खालून करपलाय हे दिसलं.
म्हणाली, तुती तोडा म्हणते.
म्हणाली, फाटकावर काय लिहिलं होतं गं तिनं?
ती सांगत होती, मी ऐकत होते,
चहा समोर होता, मीठ घातलेला, उकळता,
आणि मी फुंकायची विसरले.

जीभ काढून दाखवली. शेंडा लाल.

मी म्हटलं, थंड पाणी पी.
मनात म्हटलं, राहू दे थोडी लाल.
तिची स्वतःची आहे.