आर्गाइल स्ट्रीट, मागच्या दारानं

कुंदा, तू विचारलंस
शुक्रवारी ग्लासगोत उतरल्यावर
साहेबांना फिनिस्टनमध्ये जेवायला कुठं न्यावं.
माणूस चुकीचं निवडलंस.
अकरा वर्षांत त्या रस्त्यावरच्या एकाही हॉटेलात
मी पुढच्या दारानं गेलेली नाही.
धुतलेले टेबलक्लॉथ देते, मळके घेते,
पहाटे पाच ते नऊ.
व्हॅन पांढरी, आणि तिच्या पोटात
साऱ्या गल्लीचं खरकटं, गोण्यांत बांधलेलं.

तरी सांगते.
डाग वाचता येतात मला.

'टिन व्हेल'चं नाव सगळेच घेतील.
बर्फावर कालवं, भिंतीवर कुठल्याशा होडीचं वल्हं.
त्यांचे निम्मे नॅपकिन घडी न मोडताच परत येतात.
लोक फोटो काढतात, बिल भरतात,
आणि कोपऱ्यावर जाऊन चिप्स खातात.
साहेबांना तिथंच ने.
खूश होतील.

'मॅकव्हिनीज'मधलं सूप चांगलं असणार,
कारण ते सांडतं.
गुरुवारी दुपारी म्हाताऱ्यांचा घोळका येतो तिथं,
मग शुक्रवारच्या गोणीत बीट, गाजर, मोहरीची पिवळी बोटं.
एकदा कवळी निघाली,
नॅपकिनात नीट गुंडाळलेली, विड्यासारखी.
परत नेऊन दिली तर कालम, तिथला आचारी,
असा लाजला जणू त्याचीच होती.

तळघरातला बार, 'द लम'.
व्हिस्कीचा डाग पडत नाही, हे तुला माहीत नसेल.
वास राहतो फक्त,
विझलेल्या बंबासारखा.
पण रविवारच्या गोणीत दोन तरी नॅपकिन
मस्काऱ्यानं काळे झालेले असतात, दर आठवड्याला,
इतक्या वर्षांत खंड नाही.
कुणाचे, कशापायी, मला काय ठाऊक.
गरम पाण्यात ते पसरतात. गार पाणी लागतं, आणि जरा दम.
तुला कधी एकटीनं बसावंसं वाटलं
तर ही जागा बरी.

ऑर्लाचं हॉटेल आता सांगून उपयोग नाही.
सहा टेबलं. बाईनं पडदे स्वतः शिवले होते.
गेल्या फेब्रुवारीत तिची गोणी हलकी होत गेली,
मग एका मंगळवारी मी दिलेले चादरीएवढे सहा कपडे
जसेच्या तसे हातात आले,
माझ्याच इस्त्रीची रेघ त्यांच्यावर.
तीन आठवडे असंच.
बँकेच्या आधी मला कळलं होतं.
ती म्हणाली, मोजून घे.
मी म्हटलं, मोजले.
मोजले नव्हते. कागदावर शून्य लिहिलं
आणि साबणाचा हिशेब कुठंतरी दुसरीकडे घातला.
तिथं आता धूसर वाइन मिळते,
कागदी नॅपकिन,
बाहेर रांग.
चांगलं असेलही. मला कसं कळणार,
कागदाचं मी काही वाचू शकत नाही.

आता माझं विचारशील तर,
नदीकडे उतरायचं, त्या अजस्र क्रेनच्या दिशेनं.
जहाजं गेली, ती नुसती उभी आहे,
लग्न आटोपल्यावर मांडवात राहिलेल्या खांबासारखी.
तिच्या अलीकडे इफीची गाडी.
मऊ पावात टॅटी स्कोन घालून देते,
बटाट्याची दशमीच समज, मीठ मात्र सांगून घ्यायचं.
चहा विटेच्या रंगाचा.
मला 'हेन' म्हणते. म्हणजे कोंबडी.
पहिल्या दिवशी राग आला होता,
आता एखाद्या सकाळी म्हणाली नाही
तर काही चुकलं का, असं वाटतं.

शनिवारी साहेब झोपलेले असतील.
सव्वानऊला ये.
नॅपकिन नसतो तिथं, बाही चालते.
आणि वेळेवर ये गं,
व्हॅन पिवळ्या दुहेरी रेघेवर असते माझी.